झोपलेल्या बेडकाचं चित्र

तो बेडूक गाढ झोपला होता, आणि त्याला बघून मी भ्याले.

तुम्ही पोरी हसाल. हसा. बेचाळीस वर्षांची बाई, नवऱ्याच्या मागं बारा वर्षं एकटीनं घर हाकलेली, जमीन मागायला आलेल्या दिराला उंबऱ्यावरून परत पाठवणारी, ती कागदावरच्या बेडकाला भ्याली! पण झालं ते असं झालं. प्रेमाची गोष्ट म्हटली की तुम्हाला चांदणं हवं, गुलाब हवा. माझ्या गोष्टीत बेडूक आहे. ऐकायची तर ऐका.

दोन हजार तीन सालचा जानेवारी. मी आणि माझा मुआज मस्कतच्या वादी अदाईत राहत होतो. मुआज एका कंपनीत नकाशे काढायचा. कंपनी लांब, माबेल्याच्या पलीकडं. पहाटे जायचा तो दिवेलागणीला, मगरिबच्या बांगेला घरी. मी त्याच्या व्हिसावर. म्हणजे रत्नागिरीत जी बाई गावाला धाकात ठेवायची, ती इथं मुलाच्या नावाच्या एका कार्डावर जगत होती. ते कार्ड मी बटव्यात घालून उशाखाली ठेवायचे.

आमच्या सात पिढ्यांत कुणी डिप्लोमा केला नव्हता. मुआजनं केला. आणि तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, कपाटात, बनियनांच्या खाली! एक दिवस दुपारची नमाज झाल्यावर मी तो छातीशी धरला आणि गल्लीच्या तोंडाशी फ्रेमचं दुकान होतं तिथं गेले.

काउंटरवर कुणी नव्हतं. आतून काच कापल्याचा आवाज येत होता, कर्रर्र... कर्रर्र. आणि काउंटरवर, पांढऱ्या मऊ कागदावर, ते चित्र.

एक गलेलठ्ठ बेडूक. अंगात राजाचा झगा, हातात पंखा, लोडाला टेकून झोपलेला. त्याच्यापुढं तीन बेडूक-कारभारी, तेही पेंगणारे. आणि मागं धूपदाणीतून धूर वर चढलाय, त्या धुरातून भुतं निघालीत. ओळीनं उभी. ओरडत नव्हती, दात विचकत नव्हती... नुसती वाट बघत होती. म्हणूनच मी दोन पावलं मागं सरले. ओरडणाऱ्या माणसाला मी जन्मात भ्याले नाही. गप्प उभं राहून वाट बघणाऱ्याला मात्र भिते.

"हात लावू नका!"

मी दचकलेच. आतून एक माणूस आला. उंच, वाळका, मान जराशी पुढं, चष्मा दोऱ्यानं गळ्यात बांधलेला. हातात काच कापायचा हिरा.

"हात कोण लावतंय?" मी म्हटलं. "असली ओंगळ चित्रं मांडून ठेवायची आणि वर गिऱ्हाईकाला दम द्यायचा, ही कुठली रीत?"

"माफ करा... ते परक्याचं आहे. एका जपानी साहेबाचं. दीडशे वर्षांपूर्वीचं, लाकडावर कोरून छापलेलं. घामाचं बोट लागलं तरी डाग पडतो."

"कुठले तुम्ही?"

"श्रीवर्धनचा."

"तरीच."

"तरीच म्हणजे?"

"रत्नागिरीचा माणूस आधी खुर्ची देतो. दम नंतर."

तो आत गेला, खुर्ची घेऊन आला, खांद्यावरच्या फडक्यानं पुसली आणि म्हणाला, "बसा. दम देऊन झालाच आहे."

मला हसू आलं. आलं तसंच मी ते गिळलं. परक्या माणसापुढं हसायची सवय मी नवऱ्याच्या, यूनुसच्या चाळिसाव्यालाच मोडली होती.

माणसाचं नाव मुनीर. बायको बाळंतपणात गेलेली, वीस वर्षं झाली, मूलही गेलं. हे मला नंतर जमिलानं सांगितलं. आमच्या वरच्या मजल्यावरच्या जमिलाला सगळ्यांचं सगळं ठाऊक असतं.

त्यानं हात धुतले, पुसले, आणि डिप्लोमा कडेनं दोन बोटांत धरला. "फर्स्ट क्लास," त्यानं वाचलं. ज्या आदरानं वाचलं ना, तिथंच माझं निम्मं वाकडेपण गेलं.

"मागून घट्ट बंद करा," मी बजावलं. "धूळ जाता कामा नये आणि कुणी उघडता कामा नये."

"आणि कधी उघडायची वेळ आली तर?"

"येणार नाही."

निघताना नजर परत त्या बेडकावर गेली. मी चौथी पास. अक्षराशी माझं फारसं पटत नाही, पण चित्र मला दिसतं. ज्याला वाचता येत नाही तो बघायला शिकतो.

"हा न्हावी आहे," मी म्हणाले.

"कोण?"

"हे पहिलं भूत. डोक्याचा कंगवा झालाय बघा. ह्याचं पोट ढोलकं आहे, हा तमासगीर. ही बाई... हिच्या केसांत काटेच काटे, ही दागिने विकणारी. ही भुतं नाहीत. धंदा बंद झालेली माणसं आहेत. आपापलं हत्यार घेऊन आलीत." मी थांबले. आपल्याच तोंडून काय बाहेर पडतंय ते माझ्या ध्यानात यायला लागलं. "आणि ज्यानं बंद केले तो... झोपलाय."

मुनीरनं हातातला डिप्लोमा खाली ठेवला. तो उठला आणि शटर अर्धं खाली ओढून आला.

"हळू बोला!"

"का?"

"हे दुकान अर्बाबचं आहे, इथल्या मालकाचं. मी परक्या मुलखात आहे. राजाची टिंगल माझ्या काउंटरवर पडलीय हे मला आत्ता कळतंय!"

"जपानच्या राजाची आहे. तीही दीडशे वर्षांपूर्वीची."

"बेडकाच्या तोंडावर लिहिलंय का, कुठला ते?"

तेही खरंच. त्या वर्षी सरकारनं गल्लीतले दोन धंदे तिथल्या मुलांसाठी राखून ठेवले होते. त्यांचा मुलूख, त्यांची पोरं. त्यात वावगं काही नाही. पण आमचा भाजीवाला हनीफ धंदा सोडून गावी गेला तेव्हा त्याचा तराजू तसाच बंद दुकानाच्या दारात लटकत राहिला होता. रोज त्याच्याखालून जाताना मी पदर ओढून घ्यायचे. त्या चित्रात मला तो तराजू दिसला.

"तुमच्या चमकीचा खडा हिरवा आहे की निळा?" शटर वर करताना मुनीरनं एकदम विचारलं.

"तुम्हाला काय करायचंय?"

"काही नाही. रंगाचं काम आहे माझं..."

हिरवा आहे. माझ्या आईची चमकी. अंगावरचं बाकी सगळं मी उतरवलं, ती तेवढी राहिली.

*

फ्रेम आठवड्यात व्हायची. झाली नाही. आधी पट्टी आली नव्हती. मग काचेत बुडबुडा निघाला. मग खिळे आखूड.

"पट्टी काय जपानहून येतेय, मुनीरभाई?" मी विचारलं.

"तुम्ही रागावलात तर उद्या करून देतो."

"मी रागावले नाही असा दिवस तुम्ही बघितलाय का?"

"नाही. म्हणून तर घाई करत नाही."

बघा! दिसायला गरीब, तोंडात मात्र तयार उत्तर. मी 'भाई' जोरात म्हणायचे. तो शब्द मी दोघांच्या मध्ये भिंतीसारखा उभा केला होता. तो मला 'मुआजची आई' म्हणायचा. त्याचीही भिंत होती. दोन भिंतींतून आम्ही बोलायचो, आणि बोलून घरी आले की माझे तळहात गार पडलेले असायचे. कुणी बघितलं असेल का? मुआजला कळलं तर?

एकदा तो जपानी साहेब स्वतः आला. ओकादा त्याचं नाव, समुद्राचं पाणी गोडं करायच्या कारखान्यात इंजिनीअर, म्हातारा. मुनीरनं त्याला भुतांबद्दलचं माझं बोलणं इंग्रजीत सांगितलं. म्हातारा खुर्चीवरून उठला आणि माझ्यापुढं कमरेत वाकला! मी घाबरून भिंतीला टेकले.

ओकादानं सांगितलं ते मुनीरनं मला मराठीत सांगितलं. तेव्हा म्हणे तिथल्या सरकारनं नाटकं बंद केली, चैनीच्या वस्तू बंद केल्या, आणि राज्यकर्त्याचं चित्र काढायला तर बंदीच. मग चित्रकार बेडूक काढायचा, मासा काढायचा. नाव नाही, तोंडवळा नाही. फक्त अंगावर कुठंतरी एक बारीक खूण ठेवायची, घराण्याचं फूल म्हणा, काही म्हणा. ज्याला ओळखायचं त्यानं त्यावरून ओळखावं. लोक चित्र विकत घेऊन घरी न्यायचे, दार लावून घ्यायचे आणि खुणा शोधत बसायचे. विकणारे शेवटी इतके भ्याले की उरलेले कागद त्यांनी स्वतःच नाहीसे केले.

"आणि चित्रकाराला पकडलं तर?" मी विचारलं.

ओकादा हसला. मुनीरनं सांगितलं, "तो म्हणायचा, मी तर फक्त बेडूक काढला."

त्याच दिवशी, ओकादा गेल्यावर, अर्बाब आला. अंगात पांढरा पायघोळ डिशडाशा, हातात काठी. काउंटरवर बेडूक उघडा! मुनीर जागच्या जागी थिजला. मी पदराचं टोक दातांत धरलं. अर्बाब चष्मा लावून वाकला. बघतोय... बघतोय... दुकानात पंख्याचा तेवढा आवाज. शेवटी त्यानं काठीनं बेडकाच्या पोटाकडं दाखवलं आणि काहीतरी बोलला. मग हसत हसत, "यल्ला, यल्ला, काम कर," म्हणून निघून गेला.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

मुनीर मटकन खाली बसला होता. "म्हणाला... पोट अगदी माझ्या थोरल्या भावासारखं आहे."

आम्ही हसलो. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. आणि हसता हसता मला कळलं, बारा वर्षांत मी एवढी मोठ्यानं हसले नव्हते. त्याच क्षणी हसू थांबलं. मी उठले, चपला घातल्या आणि निघून आले.

*

फेब्रुवारीत एका दुपारी डोंगरावर काळं भरून आलं. मस्कतमध्ये पाऊस म्हणजे पाहुणा. पण आला की दार फोडून येतो. मी दुकानात होते. अर्ध्या तासात वादीला पाणी आलं, कोरड्या दगडांचा तो पाट तांबड्या पाण्यानं फुगला, घुमायला लागला. गल्लीतून पाणी वाहायला लागलं. घरी जाता येईना. शटर मी सताड उघडं ठेवायला लावलं. जगाला दिसू दे, आम्ही काही लपवत नाही. पण आतून मी थरथरत होते. पाण्याला भीत होते की काय, ते विचारू नका.

मुनीरनं काळा चहा केला. ग्लास एकच होता. त्यानं तो माझ्यापुढं ठेवला आणि स्वतः रंग कालवायच्या वाटीतून प्यायला.

"मुआजची आई... एक विचारू? तुमच्या राज्यात काय काय बंद आहे?"

"माझ्या राज्यात?"

"तुम्ही राज्यच करता की. मुआज तुम्हाला भितो, जमिला भिते, मी..." तो थांबला. "काय काय बंद केलंत तुम्ही?"

कुणी मला असं कधी विचारलं नव्हतं. पाणी घुमत होतं, आणि मी सांगत सुटले. हिरव्या बांगड्या. सुरंगीचा वळेसर, केसांत माळायचा गजरा; मार्चात आमच्या गावभर सुरंगीचा वास सुटतो, मी तो वास येऊ नये म्हणून खिडकी लावून घ्यायचे. डफ, लग्नात बायका गायला बसल्या की माझा आवाज सगळ्यांत वर चढायचा. आणि पाटी... चौथीनंतर माझी पाटी भावाला दिली. यूनुस म्हणायचा, मी शिकवतो तुला. तो बोटीवर गेला तो आलाच नाही, मग तेही खलास.

मुनीर ऐकत होता. मध्ये एकदाही 'अरेरे' म्हणाला नाही. फक्त माझ्या ग्लासातला चहा संपला तसा त्यानं आपल्या वाटीतला त्यात ओतला. एवढंच. एवढ्यावर माझं काळीज इतकं धडधडलं की मला वाटलं, वादीच्या आवाजातूनही ते त्याला ऐकू जाईल.

"रहि..." तो म्हणाला. आणि थांबला.

मी मान वर केली नाही. त्यानंही माझं नाव पुरं केलं नाही.

पाणी ओसरलं तशी मी घोट्याएवढ्या चिखलातून घरी आले. जिन्यात जमिला उभी.

"रहिमा, तुझी फ्रेम किती वेळा फुटते गं?"

मी जिन्याचा कठडा धरला. तरी तोंड चाललंच. "तुझं तोंड जितक्या वेळा उघडतं ना, त्याहून कमी."

तोंड चाललं, पाय चालेनात. त्या दिवसापासून मी दुकानात जाणं बंद केलं. अजून एक बंदी.

चार दिवसांनी मुनीर स्वतः फ्रेम घेऊन आला. मुआज घरी असताना आला, उंबऱ्याच्या बाहेर उभा राहिला. फ्रेम सुरेख, मागं तपकिरी कागद खळीनं ताणून चिकटवलेला, ढोलकीसारखा. मुआज पाणी आणायला वळला तेव्हा तो अगदी हळू म्हणाला, "मागं... आत एक कागद आहे. धीर झाला तर बघा. नाही झाला तर राहू दे. कुणाला दिसणार नाही."

भिंतीवर डिप्लोमा लागला. आणि माझी झोप गेली. मागं काय आहे? चिठ्ठी असेल तर मला धड वाचता येणार नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला मी अभिमानानं तो डिप्लोमा दाखवायचे, आणि दाखवताना माझी पाठ घामानं भिजायची. चार महिने मी त्या तपकिरी कागदाला बोट लावलं नाही. मी, दिराला न भिणारी!

*

जूनमध्ये मुआज उड्या मारतच आला. "आई! सोहारला नोकरी लागली! नवीन बंदर होतंय तिथं. पगार चांगला."

"अल्ला बरकत देवो," मी म्हटलं.

"फक्त... राहायला खोली चौघांत मिळून आहे. फॅमिली नाही चालणार. तू सध्या गावी जाशील ना? चाचांकडं?"

चाचांकडं. त्याच दिराकडं, ज्याला मी उंबऱ्यावरून परत पाठवलं होतं. त्याच्या ओसरीवर, त्याच्या बायकोच्या हाताखाली. मी म्हणाले, "जाईन की." आणि भाकरी थापायला बसले. पहिलीच भाकरी परातीत फाटली.

आतून मुआजचा आवाज आला. "आई, स्क्रू-ड्रायव्हर कुठाय? ओरिजनल डिप्लोमा मागितलाय त्यांनी. फ्रेम उघडावी लागेल."

मी पिठाच्या हातांनी धावले. उशीर झाला होता. तपकिरी कागद फाटला होता, खिळे वाकवले होते, आणि पुठ्ठ्याआडून एक कागद सटकून मुआजच्या मांडीवर पडला होता.

चिठ्ठी नव्हती. चित्र होतं.

"हे काय आहे?" मुआज म्हणाला. "बेडूक?"

एक बेडूक लोडाला टेकून झोपलेला. धूपदाणीतून धूर. धुरातून भुतं... मी एकेक बघितलं आणि भिंत धरली. एका भुताचे हात कोपरापर्यंत हिरव्या बांगड्यांचे. एकाचं डोकं म्हणजे सुरंगीचा वळेसर. एकाचं पोट डफ. आणि सगळ्यांत मागं एक लहान भूत, तोंडाच्या जागी पाटी, कोरी.

"आई, काय आहे हे? कुणी काढलंय?"

खोटं बोलता आलं असतं. 'फ्रेमवाल्यानं रद्दी घातली असेल' म्हटलं असतं की संपलं. महिनाअखेर विमान, चाचांची ओसरी, खलास. पण त्या कोऱ्या पाटीनं माझी जीभ धरून ठेवली. मी खाली बसले.

"ही माझी भुतं आहेत," मी म्हणाले. "मी काय काय सोडलं ना, ती. बांगड्या, फुलं, गाणं, शाळा. तुझ्यासाठी सोडलं सगळं. आणि हा बेडूक तू! बघ कसा घोरतोयस. परक्या माणसाला दिसलं, तुला दिसलं नाही!"

माझा आवाज चढला होता. भ्याले की माझा आवाज चढतो. मुआजनं चित्र खिडकीशी नेलं, नकाशा बघतात तसं डोळ्याजवळ धरलं. रेघ बघायची सवय त्याची.

"आई," तो हळूच म्हणाला, "मी कधी तुला बांगड्या घालू नको म्हटलं?"

"नाही..."

"गाऊ नको म्हटलं?"

मी बोटांवरचं पीठ खुडत राहिले.

"हा बेडूक मी नाही गं. हे बघ. ह्याच्या नाकात चमकी आहे. हिरवी."

नाव नाही, तोंडवळा नाही. फक्त अंगावर कुठंतरी एक बारीक खूण.

ओकादा साहेब माझ्यापुढं कमरेत वाकला होता, खुणा वाचणारी बाई म्हणून. आणि मला माझीच खूण दिसली नव्हती! बंदी घालणारी मी. झोपलेली मी. बारा वर्षं ती बिचारी धुरात उभी राहून मी जागी व्हायची वाट बघत होती, आणि मी दुसऱ्यांना दोष देत घोरत होते. संताप आला. मला बेडूक केलं! आणि संतापाच्या खाली रडू होतं.

"आणि हा कोण?" मुआजचं बोट चित्राच्या कडेला गेलं. दाराबाहेर एक वाळका बगळा, एका पायावर उभा. चोच उघडलेली, पण हाक मारावी की नको या विचारात अडकलेली. पंखावर फ्रेमच्या कोपऱ्याची बारीक खूण.

मुआजला वेळ लागला नाही. "फ्रेमवाला?"

पोरींनो, जन्मात इतकी भ्याले नाही. ज्या पोराला मी एका नजरेनं गप्प करायचे त्याच्यापुढं माझी मान वर होईना. माझं कार्ड त्याच्या हातात, माझी इज्जत त्याच्या हातात.

"हो," मी म्हणाले. "मुनीर."

'भाई' लावायचं राहून गेलं. ते त्यालाही कळलं.

मुआज उठला. चित्र घेतलं, चपला घातल्या, दार ओढून गेला. एक शब्द नाही. गप्प जाणारा माणूस! मी पिठाचे हात मांडीवर ठेवून तशीच बसले. पीठ वाळलं, त्याला भेगा पडल्या. असरची बांग झाली. नमाजला उभी राहिले तर किती रकात झाल्या तेच आठवेना. गल्लीत कुठं भांडण ऐकू येतंय का, कान तिकडंच. मुनीरला मारलं तर? अर्बाबला जाऊन सांगितलं तर? त्याची नोकरी, त्याचा व्हिसा...

दार उघडलं. मुआज आला. चित्र हातात नीट गुंडाळलेलं.

"मी विचारलं त्यांना, ह्याचा अर्थ काय."

"मग?"

"म्हणाले, मी तर फक्त बेडूक काढला." मुआजच्या ओठाचा कोपरा हलला. "आणि त्यांचा हात इतका थरथरत होता की काच पडून फुटली. आई, ते तुला एवढे भितात?"

"भितात," मी म्हणाले. "भ्यायलाच हवं."

तो माझ्याजवळ बसला. लहानपणी बसायचा तसा, गुडघ्याला गुडघा लावून. "मला... मला वाटलं तुला काही नकोच असतं. तू कधी मागितलंच नाहीस." मग म्हणाला, "तिकीट अजून काढलेलं नाही. मीच निकाहचं काढलं त्यांच्याकडं. त्यांच्या व्हिसावर फॅमिली होते का ते अर्बाबला विचारायला हवं म्हणाले. इन्शाल्ला होईल. निकाह करणं गुन्हा थोडाच आहे?"

"लोक काय म्हणतील?"

"जमिलाकाकी काय म्हणायचं ते म्हणून मोकळ्या झाल्यात. जिन्यात भेटल्या आत्ता." तो हसला. "जा, हात धू. मगरिबच्या आत ये."

*

दुकानात तो काचेचे तुकडे झाडत होता. मला बघून केरसुणी हातातच राहिली. मी खुर्ची ओढली, बसले. चित्र काउंटरवर पसरलं.

"मला बेडूक केलंत."

"माफ..."

"गप्प बसा. पोट एवढं मोठं आहे माझं?"

"पोट... अर्बाबच्या भावाचं आहे," तो पुटपुटला.

मी हसू गिळलं नाही. येऊ दिलं. मग विचारलं, "बगळ्यानं चोच उघडलीय, मग हाक का नाही मारली?"

"भ्यायला होता."

"कुणाला? बेडकीला?"

"नाही..." त्यानं केरसुणी खाली ठेवली. चष्मा काढला, दोऱ्यानं छातीवर लोंबकळत राहिला. "ती जागी झाली आणि बगळा तिला नकोसा झाला तर, ह्याला."

दोन भित्रे! एक बेचाळीस वर्षांची, एक पन्नाशीला टेकलेला. बाहेर शटरखालून उन्हाळ्याची गरम हवा आत येत होती, हनीफच्या बंद दुकानाच्या दारात तराजू हलत होता. उद्या काय होईल, अर्बाब काय म्हणेल, गावात किती जिभा चालतील, मला काही ठाऊक नव्हतं.

"आता मारा की हाक," मी म्हणाले. "जागी आहे मी."

त्यानं एकदा गल्लीकडं बघितलं, सवयीनं. मग माझ्याकडं. आणि फेब्रुवारीपासून अर्धवट राहिलेलं ते नाव त्यानं पुरं केलं.

"रहिमा."

त्या घडीला मी भ्याले नाही असं नाही. भ्याले, खूप भ्याले. पण बारा वर्षांत पहिल्यांदा, जागेपणी.

"ही फ्रेम करून दे, मुनीर," मी म्हणाले. "आणि ह्या वेळी मागून बंद करू नकोस."